सरकारी खरेदी आणि रयतेचा फणस

आपल्यापैकी अनेक घरांत दोन-तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेल्या आहेत. टेंडर, कोटेशन, स्टॉक रजिस्टर हे शब्द आपल्या कानांना नवे नाहीत. सरकारी खरेदीतला प्रामाणिकपणा म्हणजे पैसे न खाणे, एवढाच अर्थ आपण सहसा घेतो. मराठी राज्याचे जुने कागद वाचले, की हा अर्थ याहून बराच मोठा होता हे ध्यानात येते.

१६७०च्या दशकात चिपळूण तालुक्यातील हलवर्ण येथे स्वराज्याची पागा मुक्कामाला होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी दाणा व गवत साठवलेले आहे, ते आत्ताच बेहिशेबी उधळू नका, असे त्यात बजावले आहे. साठा संपला तर घोडी उपाशी मरतील आणि लोक कुणब्यांच्या घरी दाणे, गवत, लाकूड, भाजी ओढून आणायला जातील. मग रयतेला मोगल बरे वाटू लागतील. म्हणून जे लागेल ते बाजारातून विकत आणा, कोणावर जबरदस्ती करू नका. उंदराने पेटती वात पळवली तर गवताची गंज जळेल, इथवर त्यात काळजी वाहिली आहे.

या पत्रातला कार्यकारणभाव महत्त्वाचा आहे. कोठारातला निष्काळजीपणा पुढे रयतेच्या लुटीत संपतो. म्हणजे साठ्याचा हिशेब नीट ठेवणे हाही नीतीचाच भाग झाला.

दुसरा कागद म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’. १७१५ सालचा हा ग्रंथ कोल्हापूरच्या राज्यातला. आरमाराला मोठे लाकूड लागे. त्याबद्दल अमात्य सांगतात, की रानातला साग हुजुरांना लिहून, परवानगी घेऊन तोडावा. बाकी लागेल ते परमुलुखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही कामाचे, पण त्याला हात लावू नये. रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानेच न्यावे.

मंजुरी, खरेदी आणि मोबदला हे तिन्ही आजच्या नियमांतही आहेत. २०१६पासून सरकारी ई-मार्केटप्लेस, म्हणजे ‘जेम’ पोर्टल आले. २०१७च्या केंद्रीय सामान्य वित्तीय नियमांत खरेदीसाठी सचोटीची संहिता आहे. लाच आणि हितसंबंध लपवणे त्यात निषिद्ध आहे. मात्र विकणाऱ्याचा संतोष कोणत्याही फायलीत नोंदवला जात नाही.

आज कोणी कुणब्याचा फणस तोडून नेत नाही. पण वर्षभर गरजेचा अंदाज न घेता मार्चअखेर घाईने खरेदी करायची, माल ताब्यात घ्यायचा आणि छोट्या पुरवठादाराचे बिल टेबलावर ठेवून द्यायचे, हे कोणत्या जातीचे काम आहे? सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६चा कायदा सांगतो. तरी ज्याने उसनवारी करून माल पुरवला, त्याला वरचेवर कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. त्यात कोणी एक रुपया मागितला नसेल, तरीही ती जबरदस्तीच होय.

आपल्या घरांतली मुले आजही सरकारी परीक्षांची तयारी करत आहेत. उद्या खरेदीच्या टेबलावर बसल्यावर हात स्वच्छ ठेवायचे, हे त्यांना ठाऊक असेलच. कोठाराचा हिशेब चोख ठेवायचा आणि समोरच्याचे पैसे वेळेत चुकते करायचे, हेही त्यांना घरातूनच सांगायला हवे.