सुरूर-वाईचे वड

पुण्याहून गावी निघालो की सुरूर फाट्याला एसटी हायवे सोडून वाईकडे वळते. तोवर मी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला असतो. वळण घेतलं की स्क्रीनवर सावल्या पळायला लागतात आणि वर न बघताच कळतं, वड आले.

सडकेला वड लावायची चाल फार जुनी. दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावर सम्राट अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. मूळचा टोपऱ्याचा, १४व्या शतकात तिथून आणलेला. त्यावरच्या सुमारे २,२५० वर्षांपूर्वीच्या लेखात अशोकाने रस्त्यांवर वड लावल्याची नोंद केलीय आणि कारणही दिलंय: जनावरांना आणि माणसांना सावली मिळावी. मला यातली जनावरं महत्त्वाची वाटतात. आपल्याकडे परवापरवापर्यंत रस्त्यावरचं इंजिन म्हणजे बैलच. इंजिन तापलं की सावलीला सोडायचं. वड ही शोभा नव्हती, कूलिंग सिस्टिम होती. (इंजिनिअरला दुसरी उपमा सुचत नाही, माफ करा.)

वडच का? कारण त्याची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर रोवली तरी मूळ धरते. फांदी उंच असेल तर पाला शेळ्यांच्या तोंडी लागत नाही. पुढे पारंब्या टेकल्या की झाड स्वतःच स्वतःला टेकू देतं.

आजोबा वाईच्या बाजाराला बैलगाडीने यायचे. "दुपारी गाडी वडाखाली सोडायची, उन्हं कलली की जुंपायची," एवढंच सांगायचे. त्यांच्या लेखी हा रस्ता थांबायचाही होता.

आता रुंदीकरणाचा विषय निघतो. झाडं जपण्यासाठी राज्याचा १९७५चा कायदा आहे. २०२१मध्ये त्यात ५० वर्षांवरच्या झाडांना 'वारसा वृक्ष' मानायची तरतूद आली. पण तो कायदा नागरी भागापुरता. शहराची हद्द संपली की शंभरीतला वडसुद्धा वारसा राहत नाही, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

तरी साळसूदपणा नको. पाचगणी-महाबळेश्वरहून परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेत अडकून याच रस्त्याला शिव्या घालणाऱ्यांत मीही असतो. मे महिन्यात एका रविवारी भर दुपारी आमची एसटी अशीच अडली. ड्रायव्हरकाकांनी इंजिन बंद केलं. मी हेडफोन काढले. वर पाखरांचा कालवा चालला होता, आणि अख्ख्या गाडीत कुणी "गरम होतंय" म्हणालं नाही.