लालबागचे एक मत

बडोद्याला आमच्या घरी एक वाद कधीच मिटला नाही. १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत आजोबांनी मत कोणाला दिले? वडील म्हणत, लाल बावट्याला. युनियनची वर्गणी त्यांनी कधी चुकवली नव्हती. थोरले काका म्हणत, शिवसेनेला. त्या वर्षी सगळ्या चाळीनेच दिले होते. आजोबा लालबागच्या चाळीत राहत आणि गिरणीच्या साचेखात्यात काम करत. मला विचारण्याचे वय येण्याआधीच ते गेले.

पुढे मी इतिहासाचा विद्यार्थी झालो, तेव्हा वाटले की हा वाद कागदपत्रांनी मिटेल. मुंबईचा नकाशा घेतला आणि कोणत्या वस्तीने कोणाला निवडून दिले ते रंगवायला बसलो. तो नकाशा पुढ्यात असताना मी काय चुकलो आणि त्यातून काय कळले, ते इथे सांगतो.

आधी ठाऊक असलेल्या गोष्टी. मुंबई महापालिकेत प्रौढ मताधिकार आला तो १९४८ मध्ये. त्यापूर्वी मत देण्यासाठी कर किंवा भाडे भरण्याची अट होती. म्हणून त्याआधीच्या निवडणुकांचे नकाशे कितीही नेटके रंगवले, तरी चाळीतल्या बहुसंख्य माणसांचे मत त्यांत नसते. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीने महापालिका जिंकली. मो. वा. दोंदे महापौर झाले आणि पुढच्या वर्षी मीरत खटल्यातले कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर त्या खुर्चीवर बसले. शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ ची. मार्च १९६८ मध्ये प्रजासमाजवादी पक्षाशी युती करून ती महापालिकेच्या रिंगणात उतरली आणि १४० पैकी ४२ जागा घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आली. काँग्रेस पहिली राहिली, पण कम्युनिस्टांचे बळ फार घटले.

नकाशावर सेनेचा रंग गिरगाव, दादर, परळ, लालबाग अशा मराठी वस्त्यांत दाट होता. १९६१ च्या जनगणनेत मुंबईतले मराठी मातृभाषक सुमारे ४३ टक्के होते. जिथे मराठी माणूस जास्त तिथे सेना जास्त, हे उघड दिसत होते. मी मनाशी निकाल देऊन टाकला: आजोबा मराठी, राहणार लालबागचे, म्हणजे मत सेनेला. काका बरोबर.

ही उडी किती चुकीची आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्याने १९३० च्या अमेरिकन जनगणनेतले आकडे घेतले. राज्याराज्यांची तुलना केली, तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी दिसत होती. त्यावरून स्थलांतरित अधिक साक्षर होते असे कोणीही म्हणेल. पण एकेक माणूस धरून हिशेब केला तर चित्र उलटे निघाले: स्थलांतरितांतच निरक्षर अधिक होते. ते येऊन राहिले होते ती राज्ये मुळात जास्त शिकलेली होती, एवढेच. वस्तीच्या बेरजेवरून वस्तीतल्या माणसाचे मन सांगता येत नाही, हा त्या लेखाचा धडा.

आणि आमची वस्ती तरी कुठे एकजिनसी होती? गिरणगावात कोकणातले चाकरमानी होते, घाटावरचे सातारकर-कोल्हापूरकर होते, मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मुसलमान विणकर होते, तेलुगू पद्मशाली होते. दलित कामगारांना तर साचेखात्यात बराच काळ प्रवेशच नव्हता. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. ज्या खात्यात आजोबांनी आयुष्य काढले, त्याच्या दारावरच ही पाटी होती. एका प्रभागाचा एक रंग म्हणजे या सगळ्यांवरून फिरवलेला एकच हात.

शिवाय तो रंग टिकतही नव्हता. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि सेनेचे वामनराव महाडिक थोड्या मतांनी निवडून आले. सेनेचे ते पहिले आमदार. जानेवारी १९७४ मध्ये दक्षिण-मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक झाली. दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली, वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली आणि सेनेचा पाठिंबा असलेले काँग्रेसचे रामराव आदिक हरले. निवडून आल्या कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, डांग्यांच्या कन्या. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. डिसेंबर १९८४ मध्ये याच मतदारसंघाने संपाचे नेते दत्ता सामंत यांना लोकसभेत पाठवले, आणि काही महिन्यांनी, १९८५ मध्ये, सेनेने १७० पैकी ७४ जागा घेऊन महापालिका काबीज केली.

याला कोणी मतदारांचा चंचलपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखती घेऊन जो मौखिक इतिहास सिद्ध केला, तो वाचताना लक्षात येते की गिरणीच्या दारात लाल बावटा आणि गल्लीत सेनेची शाखा हे एकाच माणसाच्या आयुष्यात सुखाने नांदत होते. पगार आणि बोनससाठी युनियन होती. नळाला पाणी, तुंबलेले गटार, संडासाचे मोडके दार, पोराची नोकरी यांसाठी शाखा होती. दर निवडणूक वेगळा प्रश्न विचारत होती आणि उत्तरही वेगळे येत होते. म्हणजे वडील आणि काका दोघेही एकाच माणसाबद्दल खरे बोलत असतील.

हा हिशेब केवळ अभ्यासकाचा असता तर मी इथेच थांबलो असतो. पण वस्त्यांचे नकाशे आमच्याआधी पुढारी वाचतात. कोणत्या गल्लीने मत दिले नाही हे कळले, की त्या गल्लीतला रस्ता उखडलेलाच राहू शकतो. म्हणूनच कागदी मतपत्रिकांच्या दिवसांत निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत केली गेली. मतदान यंत्रे आली आणि प्रत्येक यंत्राची बेरीज, म्हणजेच प्रत्येक केंद्राचा कल, उघडा पडू लागला. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले. विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. कायदा मात्र बदलला नाही. माझ्यासारख्याला जी आकडेवारी हवीहवीशी वाटते, तीच एखाद्या चाळीला महागात पडू शकते. तेव्हापासून मी वस्तीचा कल लिहितो, पण वस्तीला नाव ठेवत नाही आणि शाबासकीही देत नाही.

मागच्या दिवाळीत हे सगळे मी काकूंना सांगत होतो. त्या चाळीत सून म्हणून आल्या त्या १९६७ साली. माझे बोलणे संपल्यावर म्हणाल्या, "एवढं आजोबांचं शोधलंस. सासूबाईंचं मत कुणाला गेलं, ते नाही विचारलंस कधी?"

खरेच नव्हते विचारले. पहाटे चारला नळावर हंडा लावणारी ती, नगरसेवक कामाचा की बिनकामाचा हे घरात सर्वांत आधी कळणारी ती. आणि आमच्या वादात तिचे नावसुद्धा नव्हते.

"मग कुणाला दिलं होतं?"

"मी बरोबर होते," काकू म्हणाल्या. "त्या आत गेल्या, शिक्का मारला, बाहेर आल्या. वाटेत मामंजींनी विचारलं, तर म्हणाल्या, 'तुम्ही तुमचं सांगा आधी.' त्यांनीही सांगितलं नाही. मग दोघं गप्प घरापर्यंत आले."