पाच पौंडांचा घोडा

गरिबाने घोडा पाळावा की नाही, हा प्रश्न बहुधा हिशेबाचा म्हणून विचारला जातो. चंदीला किती, वैरणीला किती, नालबंदाला काय द्यायचे आणि पावसाळ्यात जनावर कोठे बांधायचे, असा तो हिशेब असतो. आयर्लंडमध्ये मात्र हा प्रश्न एकदा संसदेपुढे आला आणि त्याचे उत्तर कायद्याने देण्यात आले. कॅथलिक माणसाजवळ अधिकात अधिक किती किमतीचा घोडा असावा, हे त्या कायद्याने ठरवून टाकले. आयर्लंड म्हटले की आपल्या धर्मग्रामांतील मंडळींना संत पॅट्रिक आणि तिकडून आलेल्या धर्मभगिनी आठवतात; या घोड्याची हकीकत फारशी कोणाच्या कानी नसावी.

१६९० साली बॉइन नदीच्या काठी कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा पराभव झाला आणि तिसऱ्या विल्यमचा पक्ष विजयी ठरला. पुढल्या वर्षी, ऑक्टोबर १६९१ मध्ये, लिमरिक येथे तह झाला. त्या तहात कॅथलिकांना धर्मपालनाची काही हमी मिळाली होती. इतकेच नव्हे, तहाच्या कक्षेत येणाऱ्या सरदारांना व सभ्य गृहस्थांना तलवार आणि पिस्तुले बाळगून घोड्यावरून जाण्याची मोकळीक राहील, असे एक कलमही त्यात होते. पॅट्रिक सार्सफील्ड हा सेनानी हजारो आयरिश सैनिकांसह फ्रान्सला निघून गेला. तहाची शाई वाळते न वाळते तोच डब्लिनच्या संसदेने, जीत एकही कॅथलिक सभासद उरला नव्हता, तहाला बगल द्यायला प्रारंभ केला.

१६९५ साली 'पोपपंथीयांस निःशस्त्र करून शासन अधिक सुरक्षित करण्याचा' कायदा झाला. बंदुका आणि तलवारी यांच्याबरोबर घोडाही त्यात आला. पाच पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचा घोडा कॅथलिकाने बाळगू नये. तसा घोडा कोणाजवळ आहे असे एखाद्या प्रॉटेस्टंट इसमाने शपथेवर सांगितले आणि मालकापुढे पाच पौंड पाच शिलिंग ठेवले, की घोडा त्याचा झाला. मग त्याची बाजारातली खरी किंमत पन्नास पौंड का असेना! मालकाने नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्याच वर्षी कॅथलिकांनी मुलांना शिक्षणासाठी परदेशी पाठवू नये व स्वदेशी शाळा चालवू नये, असाही कायदा झाला. शाळा आणि घोडा एकाच अधिवेशनात गेले.

त्या काळी घोडा हे शस्त्र होते, हे येथे ध्यानात घ्यावे. ज्याच्याजवळ घोडा तो स्वार, आणि स्वार तो उद्याचा बंडखोर, असे राज्यकर्त्यांचे गणित होते. आपल्याकडेही स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद मराठ्यांच्या फौजेत पगारात दिसे, तसा मानातही दिसे. आयर्लंडच्या कॅथलिकाला शिलेदार होऊ द्यायचे नाही, हा कायद्याचा थोडक्यात मथितार्थ.

आता हे पाच पौंड म्हणजे किती? आर्थर यंग या इंग्रज कृषितज्ज्ञाने १७७६ पासून आयर्लंडभर प्रवास केला आणि मजुरीचे दर टिपून ठेवले. त्याच्या हिशेबाने आयर्लंडमधील मजुराची सरासरी रोजी साडेसहा पेन्स भरली. एका पौंडाचे दोनशे चाळीस पेन्स. म्हणजे पाच पौंडांसाठी मजुराला सुमारे एकशे पंच्याऐंशी दिवस राबावे लागे, तेही त्या दिवसांत काही न खाता. कायदा झाला तेव्हा, म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी, मजुरी यापेक्षा कमीच असणार. तेव्हा हे उघड आहे की बटाट्याच्या तुकड्यावर जगणाऱ्या मजुराला या कायद्याने प्रत्यक्ष काही गमवावे लागले नाही. त्याच्यापाशी पाच पौंडांचा घोडा कधी नव्हताच.

पण त्याच्यापाशी घोडाच नव्हता, असे मात्र नाही. आणि इतिहासाचा हा भाग आम्हांस मोठ्या लढायांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. गरीब आयरिश कुळाचे तट्टू ठेंगणे आणि दणकट असे. त्याला चंदी मिळत नसे. माळावरचे गवत खायचे, दलदलीतून खणलेले जळणाचे पीट पाठीवरच्या टोपल्यांतून घरी आणायचे आणि वसंतात नांगर ओढायचा. नांगर ओढण्याची रीत तर ऐकून अंगावर काटा यावा अशी होती: खोगीर, जू, चामडी पट्टे यांपैकी काहीही नसे, नांगराचा दांडा थेट घोड्याच्या शेपटीला बांधत. १६३४–३५ च्या संसदेने या चालीविरुद्ध कायदा केला. क्रूर चाल खरीच. पण ती का होती, हे विचारण्याची तसदी कायदा करणाऱ्यांनी घेतलेली दिसत नाही. चामड्याचा साज विकत घ्यायला पैसा नव्हता. शिवाय जमीन दगडाळ. फाळ दगडाला लागताच शेपटीला ओढ बसून तट्टू जागीच थांबे आणि लाकडी नांगर मोडत नसे. कायदा होऊन जवळजवळ दीडशे वर्षे लोटल्यावरही यंगला ही चाल काही भागांत आढळली. साज देण्याची व्यवस्था न करता शेपटीची चाल बंद करू पाहणारा कायदा असाच कागदावर राहायचा.

ज्याच्यापाशी एकच घोडा त्याचे जोडीचे नांगर कसे चालायचे? याला आयरिश भाषेत 'कोअर' म्हणतात तो उपाय होता. दोन शेजारी आपापले एकेक जनावर आणून जोडी करीत. आज तुझे शेत, उद्या माझे. आपल्याकडच्या सावडीची वा इर्जिकीची ज्यांना आठवण आहे त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. एकटा गरीब घोडा पाळू शकत नव्हता, दोघे मिळून पाळू शकत होते.

कायद्याकडे परत वळू. १७०९ साली त्याला एक पुरवणी जोडली गेली: कॅथलिकाने पैदाशीच्या घोड्या, वळू घोडे आणि त्यांची पाच वर्षांखालील शिंगरे बाळगण्यास हरकत नाही, मात्र ती केवळ पैदाशीसाठी. यातील मेख पाहा. शिंगरू त्याने जन्माला घालावे, वाढवावे. ते खोगिराखाली येण्याच्या वयाचे झाले की त्यावर पाच पौंडांची टांगती तलवार. आयर्लंडच्या घोड्यांना बाहेर मागणी होती आणि घोडे पैदा करण्याची विद्या कॅथलिकांच्या हाती होती. विद्या राहू द्यावी आणि प्रतिष्ठा काढून घ्यावी, असा तो व्यवहार होता.

या कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही, हे अलीकडील इतिहासकार आवर्जून सांगतात आणि ते मान्य करावयास हवे. पुष्कळ कॅथलिक गृहस्थ उत्तम घोड्यांवरून फिरत व कोणी त्यांना अडवीत नसे. आमच्या मते कायद्याचा खरा काच येथेच होता. रोज वापरला जाणारा कायदा माणसाला निदान ठाऊक असतो. कधीतरी, कोणाच्या तरी मनात आकस आला की वापरला जाणारा कायदा मात्र शेजाऱ्याच्या मर्जीवर जगायला लावतो. गाडीचे सुंदर घोडे पाच पौंडांच्या दराने मागितले गेले तेव्हा एका कॅथलिक गृहस्थाने ते जागीच गोळी घालून मारले आणि पुढे गाडीला बैल जुंपले, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा कसाही असो, ती जपली गेली ती या भीतीपोटीच.

आख्यायिका नव्हे, असे एक प्रकरण कॉर्क परगण्यात घडले. आर्ट ओ'लिअरी हा मॅक्रूमजवळचा तरुण कॅथलिक. मायदेशी सैन्यात अधिकारपद मिळणे अशक्य, म्हणून तो सम्राज्ञी मारिया तेरेसा हिच्या हंगेरियन हुसार पथकात कप्तान झाला होता. १७६७ साली त्याने डेरिनेनच्या ओ'कॉनेल घराण्यातील एलीन हिच्याशी, तिच्या माहेरच्यांच्या इच्छेविरुद्ध, विवाह केला. परदेशाहून आणलेला त्याचा घोडा पंचक्रोशीत नावाजलेला होता. एब्रहॅम मॉरिस या माजी शेरीफाशी त्याचे वैर जडले. मॉरिसने पाच पौंडांना घोडा मागितला आणि आर्टने तो नाकारला, असे परंपरेने सांगत आले आहेत. शर्यतीत या घोड्याने मॉरिसच्या घोड्याला हरवले होते, हेही कारण सांगतात. आर्ट स्वभावाने शांत नव्हता; तलवार लावून मिरवणारा तो उद्दाम तरुण होता, हे लपवण्याचे कारण नाही. ४ मे १७७३ रोजी कॅरिगनिमा येथे सैनिकांच्या गोळीने तो ठार झाला. वय अवघे सव्वीस. मॉरिसवर खटला झाला व तो निर्दोष सुटला. घोडा रक्ताने माखलेला, रिकाम्या खोगिराचा घरी परतला आणि एलीन त्यावरच स्वार होऊन पतीच्या देहापाशी पोहोचली, असे तिने रचलेल्या शोकगीतात येते. ते आयरिश भाषेतील सर्वश्रेष्ठ शोकगीतांपैकी एक मानले जाते. आर्टची समाधी किलक्री येथील जुन्या फ्रान्सिस्कन मठात आहे. एलीनचा पुतण्या डॅनियल ओ'कॉनेल १७७५ साली जन्मला; १८२९ साली कॅथलिकांना संसदेची दारे उघडून देणारा तो हाच.

या सगळ्यात आम्हां धर्मगुरूंना आणखी एक घोडा दिसतो, तो म्हणजे धर्मगुरूचा. १७०४ नंतर नोंदणी केलेल्या धर्मगुरूंनाच आयर्लंडमध्ये राहता येई. विस्तीर्ण धर्मग्राम, रस्ते नाहीत, आणि मध्यरात्री अंत्याभ्यंगासाठी बोलावणे. आज आम्ही मोटारसायकलला किक मारून निघतो. त्या बापड्यांचे तट्टूही पाच पौंडांच्या आतलेच असले पाहिजे, असा नियम! सुदैवाने धर्मगुरूच्या तट्टूकडे कोणी हावरटपणे पाहावे, अशी त्याची स्थिती क्वचितच असावी.

कॅथलिक वाचकांनी मात्र हे वाचून फार फुगून जाऊ नये. १६८५ साली फ्रान्सच्या कॅथलिक राजाने नांतचा आदेश रद्द करून तेथील प्रॉटेस्टंटांना देशोधडीला लावले होते. बॉइनच्या लढाईत विल्यमच्या बाजूने लढलेल्यांत हे परागंदा फ्रेंच प्रॉटेस्टंटही होते. आयरिश संसदेला जुलूम कसा करावा हे शिकवायला उदाहरणे दूर शोधावी लागली नाहीत.

१७८२ साली हे घोड्याचे कलम रद्द झाले. आर्टच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. यानंतर गरिबाच्या दारी घोडा आला का? फारसा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गरिबाच्या दारी दिसू लागले ते गाढव. ते घोड्याहून कमी खाई आणि पीटच्या टोपल्या तितक्याच निमूटपणे वाही. कायद्याने जी सीमा काढली होती ती उठल्यावर दारिद्र्याने जवळपास त्याच जागी दुसरी काढली.

कायद्याचा आणि घोड्याचा संबंध मात्र पुन्हा आला, तीनशे एक वर्षांनी. डब्लिनच्या स्मिथफील्ड चौकात फार जुना घोडेबाजार भरे, महिन्याच्या पहिल्या रविवारी. १९९० च्या दशकात बॅलिमन, फिंग्लस, टाला अशा गरीब वसाहतींतील मुले तेथून थोडक्या पैशांत तट्टे घेत आणि इमारतींमधल्या मोकळ्या जागेत चारत. बाप बेकार, घरात चैनीची वस्तू नाही, पण मुलाचे स्वतःचे तट्टू आहे, अशी घरे होती. जनावरांचे हाल होत, ती रस्त्यावर भटकत, अपघात होत. १९९६ साली घोडेनियंत्रण कायदा आला. नगरपालिकांनी जाहीर केलेल्या क्षेत्रांत घोड्यास परवाना सक्तीचा झाला, सोळा वर्षांखालील मुलाला परवाना मिळेना आणि बिनपरवाना जनावर कोंडवाड्यात जाऊ लागले.

हा कायदा १६९५ च्या कायद्यासारखा होता, असे आम्ही म्हणणार नाही. तो कोणाचा धर्म विचारत नव्हता, आणि उपाशी जनावराचा कैवार घेणे हे सृष्टिकर्त्यावर श्रद्धा असणाऱ्याला परके नाही. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर घोड्यांचे भाव कोसळले, माणसांनी जनावरे वाऱ्यावर सोडली, तेव्हा नियंत्रणाची गरज सर्वांनाच कळली. पण पागा मागणारा कायदा ज्याच्याजवळ पागा नाही त्याच्यावरच पडतो, मग त्याचा हेतू कितीही शुद्ध असो. म्हणून टाला भागात फेटरकेर्न येथे आणि चेरी ऑर्चर्ड येथे जे उभे राहिले ते आम्हांस विशेष वाटते. वसाहतीतील मुलांसाठी सामाईक तबेले बांधले गेले. तेथे मुले घोड्याला खरारा करायला, चारायला, त्याची निगा ठेवायला शिकतात. स्मिथफील्डच्या बाजारात २०११ साली हिंसाचार झाला, आणि २०१३ पासून तो वर्षातून दोनदाच, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, भरवण्याचे ठरले.