एकाची वीज दुसऱ्याला

२०१४ साली आई-बाबा इथे आमच्याकडे अमेरिकेला आले होते, तेव्हाची गोष्ट. ग्रँड कॅनियनला सूर्यास्त बघायला तासभर आधी जागा धरून बसलो. बाबांनी खास इस्त्रीचा शर्ट घातला होता. सूर्य टेकला आणि माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली! फ्लॅशमध्ये चार नवे सेल, बॅगेत फुल्ल चार्ज लॅपटॉप. पण एकाची वीज दुसऱ्याला चालेना. घाईघाईत फोनने फोटो काढला. त्यात आकाश सुंदर आलंय, बाबा मात्र नुसती काळी सावली. ती त्यांची शेवटची अमेरिका वारी ठरली.

त्या रुखरुखीतून मी या विजेचा इतिहास वाचायला लागलो.

सुरुवातीला बॅटरी नव्हतीच. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांचे फोटो काढणारा जेकब रीस मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड करायचा. त्या नादात त्याने दोनदा घराला आणि एकदा स्वतःलाच आग लावली! १९३० च्या सुमारास फ्लॅशबल्ब आला आणि त्याच्याबरोबर टॉर्चचे सेल. अमेरिकन वार्ताहरांच्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याला चकचकीत नळीसारखी मूठ असायची, तिच्यात तीन मोठे सेल. बटण दाबलं की त्याच सेलवर बल्बही उडायचा आणि शटरही. म्हणजे एका बॅटरीवर दोन उपकरणं तेव्हाच चालत होती! (मुलांना सांगा, १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधली ल्यूकची लाइटसेबर याच मुठीपासून बनवली होती.)

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. बॅटरी हलकी झाली, ताकद वाढली. पण प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा, पिना वेगळ्या, चार्जर वेगळा. आतलं रसायन साधारण एकच, पण भांडी वेगळी! माझं ग्रँड कॅनियनला अडलं ते इथेच. वीज कमी नव्हती, एकमत कमी होतं.

१९९६ च्या यूएसबीतून ५ व्होल्टवर जेमतेम अडीच वॅट मिळायचे. २०१२ मध्ये ‘पॉवर डिलिव्हरी’चे नियम ठरले, २०१४ मध्ये टाइप-सी प्लग आला. आता बॅटरी आणि उपकरण आधी बोलणी करतात: "मी ५, ९, १५, २० व्होल्ट देऊ शकते, तुला किती हवेत?" आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत, चक्क प्रोटोकॉल! २८ डिसेंबर २०२४ पासून तर युरोपियन युनियनमध्ये विकायला येणाऱ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांनाही टाइप-सी सक्तीचं आहे.

आज माझ्या बॅगेत २०,००० एमएएचची एकच पॉवर बँक असते. ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॅट-तास. विमानात १०० पर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, फक्त ती हातातल्या बॅगेतच ठेवायची. कॅमेरा, फोन, छोटा एलईडी दिवा, सगळ्यांचं तिच्यावर भागतं. एकच बघून घ्या: काही कॅमेरे तिच्यावर नुसते चार्ज होतात, चालू राहत नाहीत.

दिवाळीत आई एका पणतीवर दुसरी लावते, तेव्हा दोघींचा आकार जुळतो का, हे बघत नाही. हे शहाणपण आम्हा इंजिनियरांना जरा उशिरा सुचलं. बाबांचा तो सावलीचा फोटो मात्र हॉलमध्ये लावलाय. शर्टाची इस्त्री त्यात दिसत नाही, पण आम्हाला माहीत आहे.