मुंबई ते भुतरामहट्टी : बेळगावच्या पदवीवरचा शिक्का कसा बदलत गेला

बेळगावातील एखाद्या जुन्या घरात आजोबा, वडील आणि नातू यांची पदवी प्रमाणपत्रे शेजारी शेजारी ठेवली, तर कॉलेज एकच असूनही विद्यापीठे तीन निघू शकतात. आजोबांचे मुंबई, वडिलांचे धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि नातवाचे राणी चन्नम्मा. कॉलेजची इमारत जागची हलली नाही. बदलत गेला तो शिक्का. हे कसे झाले, हे समजून घेतले की सीमाभागातील उच्च शिक्षणाचा बराचसा इतिहास आपोआप उलगडतो.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

१८५४ मध्ये सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला. त्यानुसार १८५७ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. नमुना होता तेव्हाच्या लंडन विद्यापीठाचा. म्हणजे शिकवायचे काम कॉलेजांनी करायचे. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. सुरुवातीला विद्यापीठ स्वतः काही शिकवतच नव्हते.

१८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. कॉलेजांनी विद्यापीठाशी जोडून घेण्याच्या या पद्धतीला संलग्नता म्हणतात. आज भारतातील बहुतेक सरकारी विद्यापीठे याच पायावर उभी आहेत.

मुंबई विद्यापीठाचा पसारा मुंबई इलाख्याएवढा होता. सिंध, गुजरात, महाराष्ट्र आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे दक्षिणेकडचे जिल्हे, सगळे एकाच छत्राखाली. धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ चे, तर केएलई संस्थेचे बेळगावातील लिंगराज कॉलेज १९३३ चे. दोन्हीकडच्या पोरांचे पेपर शेवटी मुंबईलाच जोडलेले होते.

१९४९ ची वाटणी

स्वातंत्र्याच्या आगेमागे हा पसारा फुटू लागला. १९४७ मध्ये सिंधसाठी वेगळे विद्यापीठ झाले. १९४९ मध्ये तर नवी विद्यापीठे एकामागोमाग निघाली. पुणे, अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि कर्नाटक विद्यापीठ ही सारी त्याच वर्षीची. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर होते.

कर्नाटक विद्यापीठाचा कायदा तत्कालीन मुंबई प्रांताच्या विधिमंडळानेच केला. विद्यापीठाचे कामकाजही आधी मुंबईत सुरू झाले आणि मग ते धारवाडला आले. त्याची घडी बसवण्यात मोठा वाटा रँग्लर डी. सी. पावटे यांचा. गोकाक तालुक्यातील ममदापूरचे पावटे १९५४ ते १९६७ या काळात कुलगुरू होते. पुढे ते पंजाबचे राज्यपाल झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बेळगावची कॉलेजे धारवाडला जोडली गेली, ती राज्य पुनर्रचनेच्या आधी. त्या वेळी बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. म्हणजे विद्यापीठाची हद्द आधी आखली गेली आणि राज्याची नंतर.

रेषेच्या दोन बाजू

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र बेळगाव जिल्ह्यातून वगळून मुंबई राज्यात ठेवला आणि कोल्हापूरला जोडला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात.

परिणाम असा, की चंदगडचा माणूस बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावला येतो, पण त्याच्या पोराची पदवी कोल्हापूरची असते. बेळगाव तालुक्यातील मराठी घरातल्या पोराची पदवी वेगळी, अभ्यासक्रम वेगळा, परीक्षेचे वेळापत्रकही वेगळे.

गोव्याची गोष्ट आणखी निराळी. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही कॉलेजे सुरू झाली. ती मुंबई विद्यापीठाला संलग्न होती. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाचे केंद्र पणजीत होते. त्यातूनच १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ उभे राहिले. बेळगावशी मुंबई विद्यापीठाचा धागा १९४९ च्या कायद्याने सुटला. गोव्याने तोच धागा पुढे दोन दशकांहून अधिक काळ धरून ठेवला.

एक शहर, अनेक विद्यापीठे

नंतरची वाटणी प्रदेशाची कमी आणि विषयांची जास्त झाली. १९९६ मध्ये बेंगळूरला राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाले आणि राज्यातील वैद्यकीय कॉलेजे तिकडे गेली. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, म्हणजेच व्हीटीयू, आले. त्याचे मुख्यालय बेळगावात आहे. राज्यभरातील अभियांत्रिकी कॉलेजांचा कारभार त्यामुळे बेळगावातून चालू लागला. विजापूरचे महिला विद्यापीठ २००३ चे, तर हुबळीचे विधी विद्यापीठ २००९ चे. केएलईच्या वैद्यकीय शिक्षणाला २००६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

कला, वाणिज्य, विज्ञान ही रोजची कॉलेजे २०१० पर्यंत धारवाडकडेच होती. भुतरामहट्टी येथे कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. २०१० मध्ये त्याचेच राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. बेळगाव, विजापूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे त्याच्याकडे आले. पुढे बागलकोट जिल्ह्यासाठी जमखंडीत वेगळे विद्यापीठ काढण्यात आले.

कारभार कसा चालतो

राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. खरा कारभार कुलगुरूंच्या हाती. कर्नाटकात २००० च्या राज्य विद्यापीठ कायद्यानुसार सिंडिकेट आणि अकॅडेमिक कौन्सिल ही मुख्य मंडळे आहेत. प्रशासनाला एक कुलसचिव आणि परीक्षा-मूल्यमापनाला दुसरे. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानुसार अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद अशी रचना आहे. अधिसभेत पदवीधरांनी निवडून दिलेले प्रतिनिधीही बसतात.

अनुदानित कॉलेजांतील मंजूर पदांचा पगार राज्य सरकार देते. कॉलेज चालवते खासगी संस्था. पदवी देते विद्यापीठ. दर्जाचे निकष ठरवते विद्यापीठ अनुदान आयोग. त्यामुळे एखादी तक्रार असली, की ती नेमकी कुणाच्या दारात न्यायची हे पालकांना कळत नाही. सोपा हिशेब असा : निकाल, फेरमूल्यांकन आणि प्रमाणपत्र हा विद्यापीठाचा विषय, वर्ग, हजेरी आणि कॉलेजची फी हा आधी कॉलेजचा.

मराठीचा प्रश्न कुठे ठरतो

पदवीला मराठी विषय असावा का, कोणती पुस्तके लावावीत, हे अभ्यास मंडळात ठरते. मंडळाची शिफारस अकॅडेमिक कौन्सिलकडे जाते. रस्त्यावरच्या आंदोलनाची बातमी होते, पण पेपर ठरतो या बैठकांत. हा धडा जुनाच आहे. मुंबई विद्यापीठात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत झटले, तेही विद्यापीठाच्या मंडळांतच बसून.

राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठीचा पदव्युत्तर विभाग आहे. पण तिथपर्यंत पोहोचायला पदवीच्या वर्गात मराठी घेणारी पोरं हवीत. कॉलेजात विषयाला पुरेशी संख्या राहिली नाही, की तुकडी बंद पडते. शिक्षक निवृत्त झाला, की जागा भरली जात नाही. मग विषय कागदावर उरतो.

दुसरा रस्ता सीमेपलीकडचा. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी व इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश नियमांत वादग्रस्त सीमाभागातील, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. त्यासाठी ८६५ गावांपैकी आपले गाव असल्याचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. विद्यापीठ बदलताना मायग्रेशन प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्रही लागते. प्रवेशाच्या घाईत अनेकांचे वर्ष या कागदांपायी अडते. म्हणून निकाल हाती येताच अर्ज केलेला बरा.

जुन्या नोंदींचेही तसेच. परदेशी जाण्यासाठी किंवा नोकरीच्या पडताळणीसाठी जुने गुणपत्रक हवे असेल, तर आधी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि अभ्यासक्रम पाहावा. कला, वाणिज्य, विज्ञानाची पदवी कर्नाटक विद्यापीठाची असेल, तर कॉलेज आज राणी चन्नम्माकडे असले तरी अर्ज धारवाडलाच करावा लागतो. ज्याचा शिक्का, त्याच्याकडेच नोंद.