नमुनापट
नमुनापट : भरतकामातील टाके, आकृतिबंध व अक्षरे यांचा सराव करण्यासाठी किंवा ती संग्रही ठेवण्यासाठी एकाच कापडावर केलेले भरतकाम. इंग्रजीत यास ‘सँप्लर’ म्हणतात. ‘उदाहरण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून ही संज्ञा आली आहे. छापील नमुन्यांची पुस्तके दुर्मिळ होती, त्या काळी भरतकाम करणारी स्त्री नवा टाका दिसला, की तो अशा कापडी पट्टीवर उतरवून घेई. ईजिप्तमधील मामलूक काळातील (१२५०–१५१७) असे तुकडे उपलब्ध आहेत. इंग्लंडमधील तारीख असलेला सर्वांत जुना ज्ञात नमुनापट जेन बॉस्टॉक हिचा, १५९८ मधील असून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझीयममध्ये आहे. त्यावर ॲलिस ली या मुलीच्या जन्माची नोंद टाक्यांनी केलेली आहे.

पुढे नमुनापट शाळकरी मुलींच्या हाती आला व त्याचे स्वरूप पालटले. मुळाक्षरे, अंक, एखादे धर्मवचन, वेलबुट्टीची किनार आणि तळाशी मुलीचे नाव, वय व वर्ष असा त्याचा साचा अठराव्या शतकापर्यंत ठरून गेला. यामागे व्यवहारही होता. मोठ्या घरांतील चादरी व रुमाल यांवर फुली टाक्याने आद्याक्षरे व क्रमांक घालावे लागत आणि घरकामाच्या नोकरीसाठी हे काम येणे उपयुक्त ठरे. आठ-दहा वर्षांच्या मुलीने काढलेल्या सरळ ओळी पाहताना त्या सरळ येण्यासाठी किती वेळा उसवाव्या लागल्या असतील, हे सहसा ध्यानात येत नाही.

या साच्याबाहेर गेलेला सर्वांत विलक्षण नमुनापट एलिझाबेथ पार्कर हिचा होय. ससेक्समधील ॲशबर्नम येथे १८१३ साली जन्मलेली ही मुलगी लहान वयातच घरकामासाठी नोकरीला लागली. सु. १८३० मध्ये तिने तागाच्या पांढऱ्या कापडावर लाल रेशमाने, केवळ फुली टाक्यांत आपली हकिगत विणली. आपल्याला लिहिता येत नाही, असे ती आरंभीच सांगते. एका मालकाने केलेला छळ, जिन्यावरून खाली फेकले जाणे, आत्मघाताचे विचार आणि त्यांबद्दल वाटणारी पापाची धास्ती असे सर्व त्यात येते. सेहेचाळीस ओळींनंतर, आपल्या आत्म्याचे काय होणार, या प्रश्नापाशी वाक्य मध्येच तुटते व खाली कापड कोरेच राहते. त्यावर ना वेलबुट्टी आहे, ना किनार. या मुलीने पुढे गावातच शिक्षिकेचे काम केले व १८८९ मध्ये तिचे निधन झाले. हा पटही व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझीयममध्येच आहे.

मुंबई इलाख्यात सुई आणि अक्षर यांची ही जोडी मिशनरी शाळांतून आली. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरर १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या, तर मार्गारेट विल्सन यांनी १८२९ नंतर मुलींच्या शाळा काढल्या. वाचनाबरोबर शिवणकाम हा या शिक्षणाचा भाग होता. मुलीला वाचता येऊन काय करायचे, असे विचारणाऱ्या पालकांनाही शिवणाचा उपयोग पटण्याजोगा होता, असे म्हणावे लागेल. मराठी घरांत नमुनापटाचा वारसा चौकटीत बसवलेल्या भरतकामाने चालवला. मॅटीच्या कापडावरील पोपट, मण्यांचे हंस, ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे व कोपऱ्यात मुलीचे नाव अशी ही चौकट बैठकीच्या भिंतीवर असे आणि वधूपरीक्षेच्या वेळी ती कौतुकाने दाखवली जाई. कोपऱ्यातील नाव अर्थातच माहेरचे. लग्नानंतर आडनावाबरोबर स्त्रीचे स्वतःचे नावही बदलण्याची चाल अनेक कुटुंबांत होती. त्यामुळे तिने स्वहस्ते घातलेले मूळ नाव कित्येकदा त्या कापडापुरतेच उरले.

महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकाला, डहाणू व तलासरी तालुक्यांत (२०१४ पर्यंत ठाणे, त्यानंतर पालघर जिल्हा), मुलींच्या हस्तकौशल्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी आढळतात व दोन्ही बहुतांशी निनावी आहेत. किनाऱ्यावरील डहाणू, घोलवड, बोर्डी येथे पारशी वस्ती आहे. संजाणच्या पाडावानंतर पवित्र अग्नी जवळच्या बाहरोट डोंगरावरील गुहेत ठेवला होता, अशी पारशी परंपरा आहे. चीनशी चालणाऱ्या व्यापारातून पारशी समाजात गारा, साडीच्या कडेची कोर व मुलांचे झबले यांवरील रेशमी भरतकाम रूढ झाले. फेरीवाल्या चिनी विक्रेत्यांचे काम पाहून पारशी स्त्रियाही ते टाके शिकल्या. ‘कांदा-पापेटा’, ‘चकला-चकली’ अशी आकृतिबंधांची घरगुती नावे त्यांच्या विनोदबुद्धीची साक्ष देतात; करणारीचे नाव मात्र वस्त्रावर नसते.

किनाऱ्यापासून आत, वारली पाड्यांवर लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात. मध्यभागी पालघाट देवी असते. मुली पाहतपाहत शिकतात. भिंत पुन्हा सारवली, की चित्र नाहीसे होते. गुरे राखणे व धाकटी भावंडे सांभाळणे यांत गुंतलेल्या येथील मुलींपर्यंत अक्षर पोहोचवण्यासाठी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. चराईच्या जागीच भरणारी कुरणशाळा ही त्यांचीच कल्पना. १९७० नंतरच्या दशकात वारली चित्र कागदावर आले व त्याखाली सही करण्याची प्रथा पडली. त्यातून सर्वप्रथम सर्वदूर झालेले नाव गंजाडच्या जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांचे, म्हणजे स्त्रियांच्या या कलेत एका पुरुषाचे होते.