पाव मैलाची बखर

शब्द फसवा असूं शकतो, पण आंकडा खरें बोलतो, अशी सुशिक्षितांची एक समजूत असते. आमचीहि होती. अमेरिकन मोटारींच्या इतिहासांतील एका लहानशा प्रकरणानें ती ढासळली.

आम्ही घाटकोपरचे रहिवासी. शेजारीं कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापिलेल्या ह्या कंपनीनें 1947 पासून तेथें क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ ह्या गाड्या जुळविल्या. पुढें तेथूनच सुमारें 40 अश्वशक्तीची फियाट निघूं लागली. 1974 पासून तिला 'पद्मिनी' म्हणूं लागले. आमच्या पिढीचा वेग तो तिचाच. तिकडे अमेरिकेंत मात्र 1966 सालीं त्याच डॉज-प्लिमथ घराण्यानें 425 अश्वशक्तीचें 'हेमी' एंजिन रस्त्यावरील गाड्यांत घातलें. अशा गाड्यांचा कस लावण्याचें माप म्हणजे पाव मैल, सुमारें 402 मीटर. उभ्या गाडीनें निघावयाचें आणि तेवढें अंतर किती सेकंदांत कापलें तें मोजावयाचें. ह्याहून निर्मळ पुरावा तो कोणता?

1964 सालीं पाँटिअॅकची 'जी.टी.ओ.' गाडी बाजारांत आली. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकानें तिचा पाव मैल तेरा सेकंदांच्या आसपास छापला. 'कार लाइफ'नें तीन कार्ब्युरेटरांची तीच गाडी घेतली, तिला 14.8 सेकंद लागले. अंतर सुमारें पावणेदोन सेकंदांचें. पण त्या वेगास तेवढ्या वेळांत गाडी सुमारें 75 मीटर पुढें जाते. हा चमत्कार कसा? पहिल्या मासिकाच्या हातीं दिलेल्या गाडींत 389 घनइंचांच्या एंजिनाऐवजीं 421 घनइंचांचें एंजिन होतें. बाहेरून दोन्हीं सारखींच दिसत. पाँटिअॅकच्या जाहिरातींशीं निगडित असलेल्या जिम वँगर्स यांनीं ही गोष्ट मागाहून स्वतःच मान्य केली. तोंवर तो आंकडा एका पिढीस मुखोद्गत झाला होता.

अश्वशक्तीचीहि तीच कथा. हवेची गाळणी, धुराड्याची नळी वगैरे बोजा काढून, एंजिन एकटें मोजून जी शक्ति येई तीच छापीत. 1971 सालीं क्रायस्लरनें हेमीचे दोन्हीं आंकडे दिले : निव्वळ एंजिनाचे 425, गाडींत बसविलेल्याचे 350. एंजिन तेंच, मोजण्याची रीत निराळी.

इतिहासाचार्य राजवाड्यांनीं 1898 सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून बखरीपेक्षां अस्सल पत्र श्रेष्ठ, हें आम्ही विद्यार्थ्यांस शिकवीत आलों. छापील सेकंद ही बखर होय. गाडी कोणीं दिली, टायर कोणते, हवा दमट कीं कोरडी, घड्याळ केव्हां सुरू झालें, हें विचारल्याविना ती प्रमाण मानूं नये. शर्यतीच्या पट्टीवर तर चाक सुरवातीच्या रेषेवरून सुमारें फूटभर सरकल्यावरच घड्याळ सुरू होतें. अनोळखी खरेदीदाराच्या, कांहींहि फेरफार न केलेल्या गाडीचा नोंदीचा कागद, हेंच अस्सल पत्र.

हा विषय आम्हांस पुस्तकी राहिलेला नाहीं. घाटकोपराहून मुलुंडकडे जाणाऱ्या पूर्व द्रुतगती महामार्गावर मध्यरात्रीं एंजिनांचा आक्रोश ऐकूं येतो. कोणी तरुण छापील आंकड्याशीं स्वतःची गाडी ताडून पाहत असतो. त्याच्यापाशीं सुरवातीची रेषा नसते, घड्याळ नसतें, थांबण्यास मोकळी जागा नसते. असतो तो समोरून रस्ता ओलांडणारा माणूस. अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा चाचण्या रीतसर झालेल्या आहेत. तेथें निदान रस्ता ओलांडणारा कोणी नसतो.

खोट्या बखरीनें इतिहास बिघडतो, तो पुढें दुरुस्त तरी करतां येतो. ह्या आंकड्यावर विसंबून गेलेला जीव कोणत्याहि संशोधनानें परत येत नाहीं.